आधी दिल्ली, मग पुणे

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी कोरेगाव तालुक्यातली, बारावी सायन्स, गणित घेतलेलं. सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर दिल्ली विद्यापीठाच्या मिरांडा हाउसला बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सची जागा मिळाली आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्येही बीएस्सी इकॉनॉमिक्सला नाव लागलंय. अण्णांचं म्हणणं पुणे, तिचा जीव दिल्लीत. 'दोन्हींत मोठं कोणतं? आणि पुढे यूपीएससी करायची झाली तर कोणतं बरं पडेल?' असं तिने विचारलंय. पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: 'मी आठवीपासून घरच्या आल्याची वही लिहिते.' म्हणजे घरच्या शेतातल्या आल्याच्या पिकाचा हिशेब. माझं निम्मं उत्तर त्या ओळीला आहे.

आधी माझा कल उघड करते, म्हणजे तुला त्यातून काय वजा करायचं ते कळेल. मी स्वतः गोखलेची. नव्वदच्या दशकात तिथून एमए केलं, मग बावीस वर्षं मुंबईत एका बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात काढली. त्यातली शेवटची सात-आठ वर्षं नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्यात गेली. आता साताऱ्यात असते. त्यामुळे गोखलेबद्दल माझ्या मनात माहेरची ओढ आहे, हे धरून चाल. तरीही मी तुला आधी दिल्लीला जा म्हणणार आहे.

पहिला गोंधळ दूर करू, कारण तो तुझ्या पत्रातही दिसतो. 'दिल्लीला अमर्त्य सेन शिकवायचे' असं तू लिहिलंयस. सेन १९६३ ते १९७१ दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला होते, मनमोहन सिंगही १९६९ ते १९७१ तिथेच शिकवत होते, हे खरं. पण व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ साली उभं केलेलं ते दिल्ली स्कूल एमए आणि पीएचडीसाठी आहे. बीए तिथे होत नाही, ते कॉलेजांत होतं. मिरांडाच्या दारातून चालत पाच-दहा मिनिटांवर दिल्ली स्कूल आहे, तिथल्या रतन टाटा लायब्ररीची इमारत रोज दिसेल, जेपीच्या टपरीवर चहाही पिशील. पण तुझे तास मिरांडात, तुझे शिक्षक मिरांडाचे. आणि अभ्यासक्रम नि परीक्षा सगळ्या कॉलेजांना सारख्याच, विद्यापीठाच्या. म्हणून मिरांडा की हिंदू की श्रीराम यावर पोरं रात्र रात्र जागतात, तेव्हा प्रश्नपत्रिका तिघांचीही एकच आहे हे विसरतात. फरक पडतो तो शेजारच्या बाकावर कोण बसलंय याने.

आता गोखले. सातारकरांना हे ठाऊक असायला हवं आणि बहुतेकांना नसतं: ही संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीवर. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. काळ्यांच्या नावाने तिथे स्मृतिव्याख्यान होतं, आणि १९३९ च्या जानेवारीत ते द्यायला आले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य. म्हणजे साताऱ्याच्या वकिलाच्या स्मरणार्थ बोलायला, १९०० साली साताऱ्याच्याच शाळेत नाव घातलेला विद्यार्थी, मधे कोलंबिया आणि लंडन अशी दोन विद्यापीठं पालथी घालून. प्रतापसिंह हायस्कूलवरून जाताना मला हे दरवेळी आठवतं. असो.

गोखलेचं खरं बळ कशात, ते मला एमएच्या पहिल्या वर्षी लायब्ररीत कळलं. खालच्या कप्प्यात जुन्या प्रकाशनांच्या रांगेत एक जाड पुस्तक हाती लागलं: वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी, १९४० साली छापलेली, गाडगिळांच्या हाताखाली झालेली. माझं आजोळ भुईंजचं. बैल किती, मजुरी किती, पीक विकून हाती काय आलं, याची तक्त्यांमागून तक्ते होते. आमच्या आजोबांच्या पिढीचा हिशेब कुणी तरी बांधावर जाऊन, विचारून, तपासून लिहिला होता. तोवर माझी समजूत अशी, की अर्थशास्त्र म्हणजे इंग्लंडातल्या कापडाच्या गिरण्या आणि दिल्लीतलं बजेट. त्या दिवशी दुपारचा डबा खायचा राहिला.

हीच परंपरा पुढे चालली. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं १९७१ चं काम तिथलंच. १९५४ पासून शेतीच्या अर्थकारणावरचं संशोधन केंद्र तिथे आहे. पण नीट बघ, हे सगळं संशोधनाचं आणि एमए-पीएचडीचं बळ आहे. बीएस्सी त्या मानाने अलीकडची. वाईट आहे असं मी म्हणत नाही; छोटा परिसर, सगळे अर्थशास्त्रच शिकणारे, लायब्ररी हाताशी, एमएची मुलं त्याच आवारात प्रबंध लिहिताना दिसतात, हा मोठा फायदाच आहे. पण संस्थेचं नव्वद वर्षांचं पुण्य ज्या खात्यावर जमा आहे ते खातं पदवीचं नाही. दिल्लीचं उलट. तिथे बीए ऑनर्स हाच कणा आहे, कॉलेजं त्यासाठीच घडलीत.

म्हणून 'मोठं कोणतं' हा प्रश्न मी बाजूला ठेवते. आधी कोणतं आणि नंतर कोणतं, हे ठरव. गोखले तुला एमएला पुन्हा मिळू शकतं, आणि तेव्हा ते त्याच्या पूर्ण ताकदीचं मिळेल. मिरांडाची ही जागा मात्र या जुलै-ऑगस्टपुरती आहे.

आता तुझी आल्याची वही घेते, कारण दोन ठिकाणी काय वेगळं शिकशील ते तिच्यातूनच नीट सांगता येईल. आपल्याकडे आलं गाडीवर विकतात, गाडी म्हणजे पाचशे किलो, हे तुला सांगायला नको. समज, आज काढलं तर एकरी २० गाड्या निघतात आणि गाडीला २५ हजार भाव आहे. म्हणजे पाच लाख. अण्णांसमोर प्रश्न असतो: काढायचं की ठेवायचं? सहा महिने ठेवलं तर वजन वाढून, समज, २३ गाड्या होतील. पण कंदकूज लागली तर सगळं गेलं, आणि पाचांतल्या एका शेतात ती लागते असं धरू. म्हणजे सरासरीने हाती येणार १८.४ गाड्या. वर सहा महिने रान अडकलं, पाणी, औषध, मिळून ४० हजार. आणि पाच लाख आज हातात आले असते तर दहा टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज २५ हजार. बेरीज कर, १८.४ ने भाग. उत्तर येतं गाडीला साधारण ३० हजार ७००. पुढचा भाव त्याच्या वर जाईल अशी खात्री वाटत असेल तर ठेवावं, नाहीतर फावडी काढावीत.

आकडे मी धरलेले आहेत, तू वहीतले घालून पुन्हा कर. पण याची दोन टोकं बघ. एक टोक असं: उभ्या पिकाचं एकूण मोल, म्हणजे भाव गुणिले वजन, वाढण्याचा वेग व्याज, रानाचं भाडं आणि कुजण्याची जोखीम या तिन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त असेपर्यंत पीक जमिनीत ठेवावं, हा नियम कलनाने (कॅल्क्युलसने) मांडायचा, सिद्ध करायचा, कुठल्या गृहीतावर तो मोडतो ते दाखवायचं. दिल्लीत पहिल्या सेमिस्टरलाच अर्थशास्त्रासाठीचं गणित आणि संख्याशास्त्र असे स्वतंत्र पेपर अंगावर येतात. तिथे तुला हे टोक पक्कं करून देतील, घासून घासून.

दुसरं टोक असं: नियम कळूनही गावात कोण थांबतं आणि कोण थांबू शकत नाही? ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची खताची उधारी, घरात लग्न, तो २५ हजारांनाच काढतो. ज्याच्याकडे दुसरं रान आहे तो जमिनीत ठेवून, जुनं आलं करून विकतो. नव्या-जुन्या आल्याला एकच भाव की वेगळा, यावरून शेतकरी आणि व्यापाऱ्यांत झालेले वाद तू पाहिलेच असशील. त्या वादाच्या मुळाशी हाच फरक आहे. हे कागदावर दिसत नाही, बांधावर जाऊन विचारावं लागतं, आणि कसं विचारायचं हे शिकावं लागतं. गाडगिळांच्या वाईच्या पाहणीत हेच होतं.

पहिलं टोक कच्चं राहिलं की दुसरं लंगडतं. हे मी स्वतःवरून सांगते. माझं बीए गावाकडच्या कॉलेजातलं, स्पेशल इकॉनॉमिक्स, तेव्हा त्यात कलनाचा गंधही नव्हता. बारावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच. एमएच्या पहिल्या सेमिस्टरला मी गटांगळ्या खाल्ल्या. पास झाले, गावोगाव फिरून प्रबंधही बरा लिहिला. पण पहिल्या नोकरीत साहेबांनी माझ्या तक्त्याखालच्या एका गुणकावर, म्हणजे एका गोष्टीने दुसरी किती बदलते ते सांगणाऱ्या आकड्यावर, बोट ठेवून विचारलं, 'हा एवढा का आला, दुष्काळाचं वर्ष वगळलं तर चिन्ह बदलेल का?' मला उत्तर देता आलं नाही. आकडे मी गोळा केलेले, गाव माझं, आणि गुणक मात्र परका. सव्वीसाव्या वर्षी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान सहकाऱ्याकडून मी संध्याकाळी सातनंतर मॅट्रिक्स शिकले. जमलं, पण त्या वयात ते फार महाग पडतं. अठराव्या वर्षी डोकं ओलं असतं.

धनंजयराव गाडगिळांनीही आधी केंब्रिजला जाऊन हत्यारं घेतली, मग पुण्यात येऊन वाईच्या बांधावर उभे राहिले. मी क्रम म्हणते तो हा.

यूपीएससीबद्दल दोनच वाक्यं. त्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, तेव्हा करोलबाग आणि मुखर्जीनगरच्या क्लासेससाठी विद्यापीठ निवडू नकोस. अर्थशास्त्र खरंच आवडत असेल तर दुसऱ्या दोन वाटा आत्तापासून ठाऊक असू देत: भारतीय आर्थिक सेवा, म्हणजे आयईएस, आणि रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाची भरती. दोन्हींना अर्थशास्त्राची किंवा त्याच्या जवळच्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे तुझी ही पदवी म्हणजे मधलं स्टेशन आहे. ती पदव्युत्तर पदवी गोखलेत, दिल्ली स्कूलला, की गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली काढलेल्या इंदिरा गांधी संस्थेत, हे पुढे तीन वर्षांनी बघायचं. दिल्लीत तीन वर्षांनी ऑनर्स घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऐच्छिक आहे. चौथ्याचा निर्णय आज घेऊ नकोस.

मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूचं सांगायचं तर कॉलेजचं नाव अर्ज गठ्ठ्यातून वर यायला उपयोगी पडतं. आम्ही रोज दोनशे अर्ज चाळायचो, तिथे नाव दिसलं की हात थांबायचा, हे मी नाकारणार नाही. पण समोर बसल्यावर मी नेहमी एकच विचारायचे: तुमच्या घरात पैसे कशातून येतात, आणि त्यात गेल्या वर्षी काय बदललं? मोठमोठ्या नावांची मुलं इथे अडखळायची. तुझ्याकडे वही आहे. मिरांडाचं नाव आणि ती वही असं एकत्र माझ्यासमोर आलं असतं, तर मी खुर्ची पुढे ओढून घेतली असती.

आता अण्णांचं. त्यांची काळजी खोटी नाही आणि 'जुन्या विचारांचे आहेत' म्हणून ती झटकू नकोस. पुणे स्वारगेटला एसटीने अडीच-तीन तास, दर शनिवारी घरी. दिल्ली म्हणजे गोवा एक्स्प्रेसने एक अख्खा दिवस आणि वर, तेही माहुलीच्या स्टेशनवर रात्री-अपरात्री. दिवाळी आणि मे सोडून येणं होणार नाही. आजारी पडलीस तर अण्णांना तिथे पोचायला दोन दिवस. नोव्हेंबरात दिल्लीची हवा अशी होते की दम्याचा त्रास असेल तर मी थेट नको म्हणेन. हे डॉक्टरांना विचारून घे, लाजू नकोस. आणि भाषा. वर्गात इंग्रजी, बाहेर हिंदी, तुझं सेमी-इंग्लिश पहिले तीन महिने तोकडं वाटेल. तोंडातून वाक्य निघेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असेल. दिवाळीपर्यंत हे राहतं. नंतर त्यांच्यातलीच दोघी-तिघी तुझ्याकडे गणित विचारायला येतात.

पैशाचं मात्र कठोरपणे बघा. दिल्लीला कॉलेजची फी हा मोठा खर्च नसतो, राहणं हा असतो. मिरांडाला वसतिगृह आहे पण जागा मोजक्या, गुणवत्तेवर. नाही मिळालं तर विजयनगर, कमलानगर, हडसन लेन भागात पेइंग गेस्ट, आणि तिथलं भाडं ऐकून अण्णांच्या कपाळावर आठी पडेल. अण्णांना म्हणावं, एका चांगल्या वर्षाच्या आल्यावर तीन वर्षांचं गणित मांडू नका. वहीतलं सगळ्यात वाईट वर्ष घ्या आणि त्या उत्पन्नावर मांडा. नाही बसलं तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेतलं कर्ज बघा. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केलेली ही योजना निवडक संस्थांसाठी आहे आणि त्यात तारण लागत नाही, जामीनही लागत नाही. दोन्ही संस्थांचं नाव त्या यादीत आहे का ते पोर्टलवर स्वतः तपासा. रान गहाण टाकून मात्र कुठेच जायचं नाही, दिल्लीलाही नाही. आणि महाराष्ट्रात मुलींना फी माफ झाली हे जे गावात ऐकताय ते व्यावसायिक अभ्यासक्रमांचं आहे, अर्थशास्त्राच्या पदवीला ते धरू नका.

वाईट वर्षाच्या हिशेबातही बसत नसेल, किंवा वसतिगृह नाही आणि अण्णांची झोप उडणार असेल, तर गोखले घे आणि मनात कुठलीही खंत ठेवू नकोस. मी तडजोड म्हणून हे सांगत नाही. फक्त मग तिथे एक कर: ऐच्छिक विषय निवडताना गणित आणि अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) जितकी घेता येईल तितकी घे, सोपे पेपर टाळ. २०२४ मध्ये तिथल्या कुलगुरूंच्या नियुक्तीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे अण्णांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असेल आणि ते विचारतील. त्याने तुझा वर्गातला तास बुडत नाही, पण जाऊन, तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी अर्धा तास बोलून ये. बीएमसीसी रस्त्यावर आहे, डेक्कनवरून चालत. मला विचारण्यापेक्षा त्यांना विचार.

शेवटी कामाचं. दिल्लीच्या पोर्टलवर 'अपग्रेड' आणि 'फ्रीझ' असे दोन पर्याय येतील. अपग्रेडमध्ये वरचं कॉलेज लागलं की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. तुला मिरांडाच हवं असेल तर फ्रीझ कर, उगाच आणखी वरच्या नावाच्या मोहात पडू नकोस. गोखलेची जागा सोडण्याआधी मिरांडाची फी भरल्याची पावती हातात घे. प्रवेश रद्द केल्यावर फी परत मिळण्याचे नियम यूजीसीने घालून दिलेत, पण त्याला तारखेची मर्यादा असते; ती तारीख दोन्हीकडची काढून भिंतीवर लावून ठेव.

आणि वही दिल्लीला नेऊ नकोस. ती अण्णांकडे राहू दे. दर रविवारी फोन झाला की त्या आठवड्याचा गाडीचा भाव, किती गाड्या गेल्या, नवं की जुनं, हे त्यांच्याकडून लिहवून घे, अगदी आलं विकलं नसेल त्या आठवड्यातही 'नाही' असं लिहवून घे. आठवीपासूनची मालिका आहे ती. एमएला येशील तेव्हा मधली तीन वर्षं कोरी असली तर तिचा उपयोग निम्म्यावर येईल.